आधी डुक्कर, मग गोळी, शेवटी रायफल

१५० ग्रेन वजनाची रायफलची गोळी म्हणजे आपल्या जुन्या मापाने बरोबर दहा मासे. ब्रिटिश अमदानीत तोळा १८० ग्रेनांचा ठरवण्यात आला, तोळ्याचे मासे बारा, तेव्हा एका माशाला पंधरा ग्रेन पडतात. टेक्सासातल्या एका बंदुकीच्या दुकानात काडतुसांच्या खोक्यांपुढे मी गोंधळून उभा होतो, तेव्हा हा हिशेब मनातल्या मनात केला आणि डोके थोडे ठिकाणावर आले, कारण ग्रेन या शब्दाने मला काहीच कळत नव्हते आणि तोळा-मासा मात्र आईच्या पाटल्यांमुळे लहानपणापासून हातात बसलेला होता. काउंटरच्या मागच्या भिंतीवर रांगेने लावलेल्या रायफली, त्यांचे दस्ते, दुर्बिणी आणि पट्टे हा सगळा पसारा अखेर एवढ्यासाठीच असतो, की दहा मासे शिसे आणि तांबे रानडुकराच्या शरीरात योग्य जागी पोहोचावे. रायफल कोणती घ्यावी, असे मला गेल्या दोन-तीन वर्षांत इथल्या अनेक मराठी मित्रांनी विचारले आहे आणि प्रत्येक वेळी माझे उत्तर रायफलीपासून सुरू होत नाही, म्हणून ते थोडे कंटाळतात. ते उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

मी जिथे जातो ती जागा सॅन अँटोनियोच्या पूर्वेला, गोंझालेस काउंटीत, ग्वादलूपे नदीच्या काठच्या पट्ट्यात आहे. पिकानची जुनी बाग, तिला लागून मक्याचे शेत, आणि पलीकडे नदीच्या दिशेने उतरत जाणारे दाट झुडूप. पिकान हे अक्रोडाच्या कुळातले झाड आहे आणि त्याची पडलेली फळे खायला डुकरांचा कळप रात्री येतो. पहाटे गेलात तर झाडाखालची जमीन कुणी नांगर फिरवून गेल्यासारखी उकरलेली दिसते. नवीन लावलेली रोपे मुळासकट बाहेर आलेली असतात आणि ठिबकाच्या नळ्या चावलेल्या असतात. कोकणात ज्याने भाताच्या किंवा नाचणीच्या शेताची अशी अवस्था पाहिली आहे त्याला वेगळे सांगायला नको. फरक इतकाच, की अमेरिकेत हा प्राणी मूळचा नाही. सोळाव्या शतकात स्पॅनिश मोहिमांबरोबर पाळीव डुकरे आली, त्यातली सुटून रानटी झाली, आणि १९३०च्या दशकात शिकारीच्या हौसेसाठी युरोपातली रानडुकरे टेक्सासात आणून सोडण्यात आली. दोन्हींचा संकर आज तिथे हिंडतो. मादीचा गर्भकाळ साधारण ११५ दिवसांचा, म्हणजे इथले शेतकरी सांगतात त्याप्रमाणे तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवसांचा असतो आणि वर्षाच्या आतली मादीही विते. राज्यात अशी डुकरे वीस लाखांहून अधिक असल्याचे अंदाज आहेत.

त्यामुळे कायदाही सैल आहे. डुकरांना बंद हंगाम नाही, संख्येची मर्यादा नाही, खासगी जमिनीवर रात्रीही मारता येतात, आणि १ सप्टेंबर २०१९पासून जमीनमालकाची संमती असेल तर खासगी जमिनीवर शिकारीचा परवानाही लागत नाही. मात्र आपल्या लोकांनी इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. एच-१बी किंवा तत्सम तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसे जवळ बाळगण्याचीच मनाई आहे आणि त्याला जे अपवाद आहेत, त्यांतला आपल्या कामाचा अपवाद म्हणजे अमेरिकेत मिळालेला वैध शिकार परवाना. म्हणजे टेक्सास राज्याला डुकरासाठी परवाना नको असला, तरी व्हिसावरच्या मराठी माणसाला तो खिशात हवाच. मित्राच्या रायफलीला हौसेने हात लावण्यापूर्वीसुद्धा हवा. ग्रीन कार्ड झाल्यावर ही अडचण राहत नाही. दुकानात ठरलेला फॉर्म भरायचा, पार्श्वभूमीची तपासणी होते आणि काही मिनिटांत किंवा काही दिवसांत काम होते. मी ग्रीन कार्ड होईपर्यंत परवाना काढून बागमालकाची रायफल वापरली आणि त्या उसन्या वापरातच माझ्या हातून ती चूक झाली, जिच्यामुळे हा सगळा विचार मी उलट्या बाजूने करू लागलो.

रायफल .२२३ रेमिंग्टन या लहान काडतुसाची होती. गोळी ५५ ग्रेनांची, पातळ आवरणाची, कोयोटसारख्या, म्हणजे इथल्या कोल्ह्यासारख्या लहान जनावरांसाठी बनवलेली, पण दुकानात स्वस्त मिळाली म्हणून मीच उचललेली. मका टाकणाऱ्या यंत्राखाली सत्तर यार्डांवर एक थोराड नर आडवा उभा राहिला. हरणाच्या चित्रांमध्ये पाहिले होते त्याप्रमाणे मी खांद्याच्या मागे, बरगड्यांच्या मधोमध नेम धरला आणि चाप ओढला. डुक्कर एकदा ओरडले आणि झुडपात गेले. रक्ताचे चार थेंब मिळाले आणि पुढे काहीच नाही. बागमालक आणि मी मध्यरात्रीपर्यंत बॅटऱ्या घेऊन शोधत राहिलो, सकाळी पुन्हा गेलो, जनावर मिळाले नाही. ते कुठेतरी तासन्‌तास तडफडले असणार, हे कळायला शिकारी असावे लागत नाही. त्या सकाळी बागमालकाने मला काहीही सुनावले नाही. पुढच्या आठवड्यात त्याने मारलेले एक डुक्कर सोलताना मात्र मला मुद्दाम बोलावून घेतले आणि हातमोजे दिले. हातमोजे केवळ स्वच्छतेसाठी नव्हेत. या डुकरांमध्ये ब्रुसेलोसिस हा जंतूंचा रोग असतो आणि तो रक्तातून, हातावरच्या बारीकशा जखमेतून माणसाला होतो.

उघडलेल्या डुकरापुढे उभे राहिल्यावर जे दिसले, ते कुठल्याही चित्रापेक्षा उपयोगी होते. डुकराचे हृदय आणि फुप्फुसे हरणाच्या मानाने खाली आणि पुढे असतात, जवळजवळ पुढच्या दोन पायांच्या मध्ये. जिथे मी नेम धरला होता, तिथे फुप्फुसाचा मागचा कोपरा आणि त्याच्या मागे यकृत व पोट येते. मानेपाशी कण्यावरचे केस आणि चरबी यांचा उंचवटा असतो, त्यामुळे पाठ दिसते त्यापेक्षा कणा बराच खाली असतो आणि ज्याला आपण शरीराचा मध्य समजतो तो खरा मध्य नसतो. थोराड नराच्या खांद्यावर कातडीखाली एक जाड, चिवट, कुर्चेसारखा थर असतो. माजावर आलेले नर एकमेकांवर मुसंडी मारतात तेव्हा सुळ्यांपासून तो ढालीसारखा वाचवतो. सुरीने तो थर कापताना मला सुरीला दोनदा धार लावावी लागली. त्या थरावर पातळ आवरणाची वेगवान गोळी पडली, की ती आत पोहोचण्याआधीच फुटून विखुरते. शिवाय डुकराची चरबी आणि राठ केस जखमेचे तोंड बुजवतात, म्हणून रक्ताचा माग फारसा मिळत नाही. गोळी पलीकडून बाहेर पडली, म्हणजे दोन छिद्रे झाली, तरच मागाची थोडीफार आशा असते.

माझ्या आजोबांकडे कुडाळकडच्या गावी ठासणीची बंदूक होती, पीक राखण्याच्या परवान्यावरची. दारू ठासायची, वर शिशाची गोळी, मग केप लावून माळ्यावर बसायचे. ‘डुकराच्या पोटात बार गेलो तर तो फिरान येता, रे,’ असे ते सांगत, आणि आम्ही नातवंडे ते भुताच्या गोष्टीसारखे ऐकत असू. त्यात शरीररचनेचा हा सगळा धडा सामावलेला होता, हे मला गोंझालेसमध्ये डुक्कर सोलताना कळले. आता तिकडे कायद्याची चौकट वेगळी आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली रानडुकराची हौशी शिकार गुन्हा आहे, आणि पिकाच्या नुकसानीसाठी त्याला मारायचे तर वनखात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. तेव्हा पुढचे सगळे टेक्सासापुरतेच वाचावे.

तर पहिली निवड गोळीची, आणि गोळी म्हणजे काडतूस नव्हे. काडतूस हे पितळी नळकांडे, ठिणगी पाडणारा प्रायमर, दारू आणि गोळी मिळून होते, आणि त्यातला जनावरापर्यंत जाणारा भाग फक्त गोळी. फुल मेटल जॅकेट, म्हणजे पूर्ण आवरणाची गोळी, डुकरासाठी वापरू नये. ती अरुंद भोक पाडून आरपार जाते, जनावर पळते, आणि गोळी पलीकडे कुठवर जाईल याचा भरवसा नाही. ती निशाण्याच्या सरावासाठी ठीक. सॉफ्ट पॉइंट म्हणजे टोकाला शिसे उघडे असलेली साधी गोळी. मध्यम वेगाच्या काडतुसांत ती शंभर वर्षांहून अधिक काळ चोख काम करत आली आहे आणि तिला नाके मुरडण्याचे कारण नाही. बाँडेड गोळीत शिशाचा गाभा आणि तांब्याचे आवरण एकमेकांना घट्ट जोडलेले असतात, त्यामुळे हाडावर आदळली तरी ती पसरते पण तुटत नाही. आणि निव्वळ तांब्याची गोळी, जिच्यात शिसे अजिबात नसते, ती टोकाशी पाकळ्यांसारखी उलगडते, वजन जवळजवळ सगळे टिकवते आणि खोल जाते. ती महाग असते आणि शिशापेक्षा तांबे हलके असल्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, म्हणून काही रायफलींना ती मानवत नाही. पण मांस घरी खायचे असेल, आणि आम्ही खातो, तर शिशाचे बारीक कण मांसात जाण्याचा प्रश्नच उरत नाही हा तिचा मोठा फायदा आहे. कॅलिफोर्नियात २०१९पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी आहे. टेक्सासात नाही.

मी स्वतः बाँडेड गोळीवर स्थिरावलो आहे. गेल्या हिवाळ्यात मारलेल्या एका मोठ्या नराच्या पलीकडच्या खांद्याच्या कातडीखाली मला माझी गोळी सापडली. ती अलीकडची ढाल, एक बरगडी आणि पलीकडचे खांद्याचे हाड ओलांडून तिथे थांबली होती. धुऊन पाहिली तर पावसाळ्यात वारुळावर उगवणाऱ्या अळंबीसारखा तिचा आकार झाला होता, खाली देठ आणि वर उलटलेली टोपी. घरच्या स्वयंपाकघरातल्या तराजूवर ती पावणेनऊ ग्रॅमच्या जरा वर भरली, म्हणजे दहा माशांतले नऊ मासे शिल्लक होते. पहिल्या डुकरात गेलेल्या गोळीचे काय झाले असेल, याची कल्पना त्यावरून करावी.

आता काडतूस. .२२३ आणि तिची लष्करी बहीण ५.५६ यांची बदनामी मी करणार नाही, कारण दोष माझ्या गोळीचा आणि माझ्या नेमाचा होता. ६२ ग्रेनांच्या आसपासची, म्हणजे चार माशांची बाँडेड किंवा तांब्याची गोळी घेऊन कानामागे नेम धरू शकणाऱ्या शांत हाताच्या माणसाला ती पुरते, आणि धक्का नगण्य असल्यामुळे कळपातल्या दुसऱ्या जनावरावर लगेच नेम धरता येतो. पण तिच्यात चुकीला जागा नाही. नळीच्या तोंडाशी तिची ऊर्जा साधारण १,२५० फूट-पौंडांच्या घरात असते, आणि जनावर दोन पावले पुढे सरकले, अंधार असला, नेम दोन इंच चुकला, तर ती उणीव भरून काढत नाही. नवशिक्याने तिच्यापासून सुरुवात करावी असे सगळे सांगतात. माझे मत नेमके उलटे आहे.

.२२३ बहुधा ज्या एआर पद्धतीच्या, म्हणजे दर वेळी चाप ओढला की पुढचे काडतूस आपोआप भरणाऱ्या रायफलीतून मारतात, तिच्यातूनच मोठी गोळी मारण्यासाठी दोन-तीन काडतुसे पुढे आली. .३०० ब्लॅकआउट २०११मध्ये अधिकृत झाले. ११० ग्रेनांची गोळी सेकंदाला साधारण २,३५० फूट वेगाने जाते, आखूड नळीतूनही चांगले काम करते, आणि शंभर यार्डांच्या आत ते डुकराला पुरेसे आहे. याच काडतुसाची ध्वनीपेक्षा संथ, दोनशेच्या वर ग्रेनांची गोळीही मिळते. ती सायलेन्सरबरोबर इतकी शांत असते की लोक मोहात पडतात, पण तिची ऊर्जा ५०० फूट-पौंडांच्या आसपास येते आणि बहुतेक गोळ्या त्या वेगात नीट पसरतच नाहीत. मी ती डुकरावर वापरणार नाही. याहून गंभीर गोष्ट अशी, की .३०० ब्लॅकआउटचे काडतूस ५.५६च्या मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसांच्या पेटीत, बसते आणि काही गोळ्यांच्या बाबतीत ५.५६च्या रायफलीच्या कोठीतही, म्हणजे जिथे बार होतो त्या नळीमागच्या पोकळीतही शिरते. मग .३०८ इंचांची गोळी .२२४ इंचांच्या नळीतून ढकलली जाऊ लागते आणि रायफल तोंडापुढे फुटते. ज्याच्या घरी या दोन्ही रायफली आहेत, त्याने मॅगझिनला रंगीत पट्ट्या लावाव्यात, खोकी वेगळ्या कपाटात ठेवावीत आणि एकाच दिवशी दोन्ही बाहेर काढू नयेत. मी तर म्हणतो, दोन्ही ठेवूच नयेत.

६.५ ग्रेंडेल मला एआरसाठी सगळ्यात समतोल वाटते. १२३ ग्रेनांची, म्हणजे आठ माशांना किंचित जास्त भरणारी गोळी सेकंदाला अडीच हजार फुटांच्या आसपास जाते, धक्का सौम्य असतो, दीडशे-दोनशे यार्डांपर्यंत काळजी नसते. काडतुसे मात्र प्रत्येक दुकानात मिळत नाहीत, आणि सरावासाठी स्वस्त पर्याय कमी आहेत. रशियन घराण्यातली ७.६२ बाय ३९ हीसुद्धा सॉफ्ट पॉइंट गोळीने जवळच्या अंतरावर भरवशाची आहे.

माझे मन पूर्वीपासून .३०-३० विंचेस्टरवर होते. हे काडतूस १८९५चे. लिव्हरची, म्हणजे चापाखालचा दांडा खालीवर करून काडतूस भरायची रायफल, गुडघ्याएवढ्या झुडपातून चालताना हातात हलकी, आणि १५० ग्रेनांची बोथट गोळी २,४०० फुटांच्या जवळपास वेगाने. बोथट का, तर या रायफलीत काडतुसे नळीखालच्या लांब नळकांड्यात एकामागे एक बसतात, मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर टेकते, आणि अणकुचीदार टोक असेल तर धक्क्याने आतल्या आतच बार उडण्याचा धोका असतो. अलीकडे रबरासारख्या मऊ टोकाच्या गोळ्या निघाल्या आहेत, त्यांनी ही अडचण बरीच सोडवली. शंभर यार्डांच्या आत झुडपातून फिरून शिकार करणाऱ्याला याहून सुखाचे साधन नाही. मी घेतले नाही, कारण मी फिरत नाही, बसतो. तेही लाकडी खोपटात, टेकू देऊन.

म्हणून माझी निवड .३०८ विंचेस्टर. १९५२मध्ये बाजारात आलेले हे काडतूस आहे, जगात कुठेही मिळते, आणि १५० ग्रेनांच्या गोळीला २,८०० फुटांचा वेग देते. तोंडाशी ऊर्जा अडीच हजार फूट-पौंडांच्या वर, म्हणजे .२२३च्या दुप्पट. खांद्याची ढाल, हाड, तिरका कोन, या सगळ्यांना पुरून उरते. धक्का बसतो, नाही असे नाही, पण साडेसात-आठ पौंडांच्या रायफलीत तो सहन करण्याजोगा असतो. ६.५ क्रीडमूरबद्दल मला नेहमी विचारले जाते. उत्तम काडतूस आहे, धक्का कमी, नेम लांबवर टिकतो. पण तो लांबचा गुण मला शंभर यार्डांवर नको आहे, आणि जवळून हाड फोडायचे तर मला जाड गोळी बरी वाटते. ज्याच्याकडे ते आधीच आहे त्याने बदलू नये. .४५-७०, .४५० बुशमास्टर, शॉटगनमधून मारायची बारा बोअरची एकच मोठी गोळी, म्हणजे स्लग, या सगळ्यांनी डुक्कर मरते यात शंका नाही. खांदा सुजवून घ्यायची ज्याची तयारी आहे, त्याने जरूर पाहावे.

इथवर आल्यावर रायफल निवडणे जवळजवळ आपोआप होते. बसून, एकाच जागेवरून, आधी ओळखलेल्या अंतरावर, सावकाश एक गोळी मारायची असेल तर साधी बोल्टची, म्हणजे प्रत्येक बाराआधी हाताने खिटी ओढून काडतूस भरायची रायफल पुरते, आणि आजकाल कमी किमतीच्या बोल्ट रायफलीही शंभर यार्डांवर इंच-दीड इंचात गोळ्या बसवतात. कळप मोठा असेल आणि शेतकऱ्याचा हेतू मुळात संख्या कमी करण्याचा असेल, तर एआरला पर्याय नाही. पहिल्या बाराबरोबर कळप उधळतो, आणि बोल्ट ओढेपर्यंत मैदान मोकळे होते. बागमालक एआरच वापरतो, कारण त्याची बाग आहे. मी पाहुणा आहे, मला घरी नेण्यापुरते एक डुक्कर पुरते. दुकानदाराने मला चकचकीत अक्रोडाचा दस्ता दाखवला होता. मी प्लॅस्टिकचा घेतला, कारण खोपटात दमट हवा असते आणि रायफल दरवाजाला आपटतेच. एक गोष्ट मात्र तडजोड न करता पाहावी, ती म्हणजे दस्त्याची लांबी. कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचा मागचा भाग कोपराच्या आतल्या खाचेत टेकवला, तर बोट चापापर्यंत सहज पोहोचले पाहिजे. इथल्या रायफली सहा फुटी माणसांच्या मापाने बनतात. मी पाच फूट पाच इंच. पहिल्या रायफलीचा दस्ता लांब असल्यामुळे मी मान ताणून दुर्बिणीत पाहत होतो, आणि दुर्बिणीची कड भुवईवर आदळून पडलेली अर्धचंद्राकृती खूण आजही आहे. त्यावर घरी बरीच थट्टा झाली. नंतर आखूड दस्ता बसवून घेतला.

दुर्बिणीवर फार लिहीत नाही. कमीत कमी दोन-तीन पट ते जास्तीत जास्त नऊ-दहा पट, काचेत संध्याकाळचा उजेड चांगला यावा, एवढे पुरे. थर्मल, म्हणजे शरीराची उष्णता दाखवणाऱ्या दुर्बिणी रायफलीहून महाग असतात आणि रात्रीच्या कामात त्यांचा उपयोग खरोखर मोठा आहे, पण त्यांतून डुक्कर आणि वासरू यांतला फरक ओळखायला सराव लागतो. ज्याला शेजाऱ्याच्या वासराची किंमत चुकवायची नाही, त्याने आधी हातातल्या दुर्बिणीने ओळख पटवावी आणि मगच रायफल उचलावी. गोळीच्या मागे काय आहे, हेही तेव्हाच पाहायचे. रायफलची गोळी मैलभर सहज जाते, त्यामुळे मी उंच खोपटातून, गोळी जमिनीत जाईल अशा कोनातच मारतो, आणि चढावर आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभे असलेले डुक्कर कितीही मोठे असले तरी सोडतो.

नेम लावणे म्हणजे शंभर यार्डांवर गोळी दुर्बिणीतल्या नेमावरच लागेल असे जुळवणे. मी तिथेच लावतो, कारण .३०८ची गोळी दीडशे यार्डांवर जेमतेम दीड इंच खाली जाते, तेवढे मनात धरून चालते. जवळच्या अंतराचा विचार मात्र लोक करत नाहीत. दुर्बीण नळीच्या वर बसलेली असते, बोल्टच्या रायफलीवर साधारण दीड इंच, एआरवर अडीच इंचांहून जास्त. म्हणून वीस यार्डांवर एआरची गोळी नेमाच्या जवळजवळ दोन इंच खाली लागते. खोपटाच्या पायथ्याशी आलेल्या डुकराच्या कानामागे नेम धरला, तर ती गालफडात जाते. जनावराला ते फार वाईट, आणि माग काढणाऱ्यालाही. ज्याला जवळून मारायची वेळ येणार आहे, त्याने पंचवीस यार्डांवर कागदावर एकदा पाच गोळ्या मारून पाहाव्यात आणि फरक दस्त्याला कागद चिकटवून लिहून ठेवावा. कानांत बोळे आणि त्यावर कर्णकवच, दोन्ही घालून. .३०८चा आवाज खोपटात डोके हलवून सोडतो.

खर्चाबद्दल एकच सांगतो. बाँडेड गोळ्यांचे वीस काडतुसांचे खोके साध्यापेक्षा दुपटीने महाग पडते, आणि मी वर्षाला शिकारीत आठ-दहाच खर्च करतो. म्हणून सराव स्वस्त काडतुसांनी करतो, पण त्याच वजनाच्या, आणि हंगामाआधी शेवटच्या दहा गोळ्या महागड्याच मारून नेम पुन्हा तपासतो. दोन्ही एकाच जागी लागतात असे गृहीत धरू नये. माझ्या रायफलीत त्या शंभर यार्डांवर दोन इंच अंतराने लागतात, आणि हे मला विकत घेतल्यावर दीड वर्षाने कळले. खोकी घ्यायची तर एकाच उत्पादन-क्रमांकाची चार-पाच एकदम घ्यावीत. क्रमांक खोक्यावर छापलेला असतो.

ऑस्टिनच्या एका मित्राचे ग्रीन कार्ड मागच्या महिन्यात झाले आणि तो येत्या शनिवारी दुकानात जाणार होता. मी त्याला आधी रेंजवर बोलावले आहे. माझी .३०८, बागमालकाची .२२३ आणि एका शेजाऱ्याकडून आणलेली .३०-३०, अशा तिन्ही तो टेकूवरून दहा-दहा वेळा मारील, पन्नास यार्डांवर टांगलेल्या डुकराच्या कागदी चित्रावर, ज्यावर मी हृदय आणि कणा पेन्सिलीने पुसट आखून ठेवले आहेत. चौथ्या-पाचव्या बारानंतर त्याचे डोळे कोणत्या रायफलीला मिटू लागतात, ते मी बाजूला उभा राहून पाहणार आहे.